तिथीची पाऊणपट

गुहागरला जायचं ठरलं की आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघावी. सुट्टी कुठे जोडून येते ते नंतर, आधी तिथी. या गावात आणि त्याच्या आसपास बघण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्म्याहून अधिक समुद्राच्या मर्जीवर चालतं. हेदवीच्या बामणघळीत भरतीला पाणी उसळतं, भरती नसताना ती खडकातली एक साधी भेग असते. गुहागरची रुंद पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ऐन भरतीला सुरूच्या बनापाशी येऊन अरुंद होते. फेरीबोटीच्या धक्क्याचा उतारसुद्धा पाण्याप्रमाणे लांब-आखूड होतो. अंतरं मोजून, हॉटेल ठरवून, सगळं चोख करून आलेली मंडळी ओहोटीच्या वेळी हेदवीला पोचतात, पाच मिनिटं त्या भेगेकडे बघतात आणि गाडीत बसतात. त्यांचं काहीच चुकलेलं नसतं, फक्त तिथी बघायची राहिलेली असते.

भरतीचा हिशेब किनाऱ्यावरची जुनी माणसं तोंडी करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अमावास्येसमोर दिनदर्शिकेत ३० छापलेलं असलं तरी धरायचे १५च, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला इथे सुकती म्हणतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच रोज पुढे सरकते, म्हणून हा पाऊण तासाचा ठोकताळा जमतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस आखायला एवढं पुरेसं आहे. पाण्यात उतरायचं किंवा होडी लोटायची तर मात्र छापील कोष्टक बघावं, नाहीतर सरळ कोळीवाड्यात विचारावं.

वेळेबरोबर भरतीचा जोरही बघावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते चढतंही कमी आणि उतरतंही कमी. तो भांग. बहुतेकांना वाटतं की ऐन पौर्णिमेला सर्वांत मोठी भरती येत असेल, पण उधाणाचा खरा जोर एक-दोन दिवस मागून येतो. म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला. त्या दिवशी भरती दुपारी पाऊण ते दीडच्या सुमारास, अगदी उजेडात. गुहागरसाठी दोन मुक्काम काढायचे असतील तर पौर्णिमा आणि प्रतिपदा यांच्याइतकी चांगली जोडी दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असतं, ओली पुळण आरशासारखी पसरलेली असते, पश्चिमेला सूर्य बुडत असतो आणि त्याच वेळी पाठीमागे माडांच्या शेंड्यांवरून चंद्र वर येत असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पाणी हेदवीच्या खडकांवर आदळायला तयार असतं.

आता रस्ता. कोकण रेल्वेने यायचं तर चिपळूणला उतरावं. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी, मोडकाआगर असं करत. चिपळूणहून एसटी आहेच. पैसे, औषधं, गाडीचं इंधन या गोष्टी चिपळूण, शृंगारतळी किंवा गुहागरातच उरकाव्यात. गुहागरच्या दक्षिणेला लहान गावं लागतात, मोबाइलची रेंज येते-जाते आणि चहावाल्याकडे रोख पैसेच चालतील असं धरून निघालेलं बरं. गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि शिमग्याच्या सुमारास मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ असते. त्या दिवसांत पाहुण्यांसाठी खोल्या देणाऱ्या घरांतही घरचीच माणसं आलेली असतात, त्यामुळे खोली मिळत नाही. पण शिमग्याची पालखी नाचताना बघायची असेल तर तेच दिवस गाठावे लागतात. एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं.

गुहागर गाव उभं आहे लांबट. समुद्राला समांतर एक रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आणि गावाचे भाग वरचा पाट नि खालचा पाट. समुद्राकडच्या घरांची रचना एकदा समजून घेतली की गाव उलगडतं. रस्त्यालगत जांभ्या चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत), त्यात बेडं (फाटक), मग शेणाने सारवलेलं खळं (अंगण), पडवी, ओटी, माजघर, आणि घराच्या मागे वाडी. वाडीत वर माड, खाली पोफळी (सुपारीची झाडं), त्यांच्या सावलीत केळी, मधूनच जायफळाचं झाड आणि पोफळीवर चढवलेल्या मिरीच्या वेली. वाडी संपली की सुरूचं बन, आणि बन ओलांडलं की पुळण. रस्त्यावरून समुद्र दिसत नाही, पण रात्री प्रत्येक घरात त्याचा आवाज येतो. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या खोल्यांची जाहिरात अलीकडे फार असते. माझं म्हणणं आहे की गुहागरात राहायचं तर वाडीत राहावं. समुद्र पाच मिनिटांवर असतोच, आणि दुपारी दोन वाजताही वाडीत बसवतं.

वाडीतली विहीर नीट बघावी. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी विहिरीचं पाणी गोडं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं, विहीर त्या वरच्या थरातून पाणी घेते. उपसा बेताचा असतो तोवर हे टिकतं. मे महिन्यात पाहुणे वाढतात, पंप तासन्‌तास चालतात, गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालून खारं पाणी वर सरकतं. मग पाणी मचूळ लागायला लागतं आणि पोफळींच्या झावळ्यांची टोकं करपतात. मे महिन्यात वाडीत उतरलात तर समुद्रावरून आल्यावर बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी. एकदा मचूळ झालेली विहीर पाऊस पडेपर्यंत सुधारत नाही.

थंडीच्या दिवसांत खळ्यात सुपारी वाळत असते. पिकलेली नारिंगी फळं पसरून रोज उलथीपालथी करत साधारण चाळीस दिवस उन्हात ठेवावी लागतात, तेव्हा आतली सुपारी सालापासून सुटते आणि हलवली की खुळखुळते. मधे अवकाळी सर आली आणि वेळेवर झाकलं नाही तर बुरशी धरते. सुपारी उतरवणारा गडी कामावर असेल तर थांबून बघावं. पायात दोरीचा फास अडकवून तो सरसर शेंड्याला जातो, शिपूट, म्हणजे सुपारीचा घड, कापून खाली सोडतो, आणि मग खाली न उतरता पोफळ अंगाच्या झोक्याने वाकवत शेजारच्या पोफळीचा शेंडा धरतो व तिकडे जातो. वाऱ्यावर हलणारी बारीक झाडं, एकामागून एक, आणि माणूस वरच्या वर. खालून मान दुखेपर्यंत बघावं असं ते काम आहे. फक्त शिपुटाच्या खाली उभं राहू नये, आणि त्याच्याशी बोलत राहू नये.

जेवणाचं एकच सांगणं आहे. आदल्या रात्री किंवा सकाळी नऊच्या आत किती पानं ते कळवावं. घरगुती खानावळीत माणसं मोजून तांदूळ वैरतात. दीड वाजता सहा जण अचानक दारात उभे राहिले तर घरच्यांची धांदल होते आणि पाहुण्यांना जे मिळतं ते घाईचं असतं. उकडीचे मोदक हवे असतील तर कालच सांगायला हवं होतं, कारण पिठी ताजी लागते आणि उकड काढून हाताने कळ्या पाडायला वेळ जातो. कुळथाचं पिठलं, केळफुलाची भाजी, सोलकढी, मार्चच्या सुमारास कोवळ्या फणसाची भाजी, न्याहारीला घावन नाहीतर मोकळ भाजणी, एवढं मिळालं की दुसरं काही मागू नये. मासे खाणाऱ्यांनी जून-जुलैत ताज्या मोठ्या मासळीची आशा धरू नये. त्या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, मासळीच्या विणीचा तो काळ. तेव्हा खाडीची मासळी किंवा सुकं यांवर भागवावं लागतं.

व्याडेश्वराचं देऊळ गावाच्या मधोमध, रस्त्याला लागूनच. कितीतरी कोकणस्थ घराण्यांचं हे कुलदैवत. देऊळ पंचायतन आहे, म्हणजे मधे शंकर आणि चार कोपऱ्यांत इतर चार देवतांची लहान देवळं. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी दुपारी सभामंडपात शांत बसता येतं. वरच्या पाटात दुर्गादेवी आणि तिच्याजवळचं तळं. आणि उफराटा गणपती. त्याची कथा गावातलं पोरही सांगतं. समुद्र गाव गिळायला निघाला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेल्या गणपतीने पश्चिमेकडे तोंड फिरवलं आणि पाणी मागे हटलं. पुळणीच्या इतक्या जवळ वस्ती करून राहणाऱ्यांनी आपल्या देवाला समुद्राकडे बघत बसवावं, यात मला त्या गावाचं सगळं शहाणपण दिसतं.

आता पुळण. सलग सहा किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सरळ. चालायचं तर सुकतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, कारण ओली वाळू तेव्हा घट्ट असते. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही तिच्यावरून मैलभर सहज जाता येतं, वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र शंभर पावलांत दम लागतो. पाणी नुकतंच उतरलेल्या वाळूवर खाली वाकून बघा. करंगळीच्या नखाएवढ्या कुर्ल्या बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्यासारखं तेवढं चोखतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून बाहेर निघणाऱ्या रेघांवर या गोळ्या पडत जातात, आणि तासाभरात प्रत्येक बिळाभोवती किरणांसारखी रांगोळी तयार होते. पायाचा धक्का जाणवला की सगळ्या एकदम गायब. दोन मिनिटं न हलता उकिडवं बसलं की पुन्हा कामाला लागतात. भरती आली की सगळं सपाट, पुढच्या सुकतीला पहिल्यापासून. नोव्हेंबर-डिसेंबरच्या काळोख्या रात्री, म्हणजे अमावास्येच्या आगेमागे, काही वर्षी फुटणारी लाट निळी चमकते. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाण्यात वाढले की असं होतं. ते दिसेलच असा भरवसा धरून येऊ नये.

पोहण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पुळण शांत दिसते म्हणून समुद्र शांत असतो असं नाही. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधून ते एका अरुंद पट्ट्यात जोराने आत जातं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधेच एक पट्टा गडद आणि निवांत आहे, फेस किंवा कचरा आतल्या दिशेला चालला आहे, तर ती परतीच्या पाण्याची वाट. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहायला सोयीची वाटते. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत दमू नये. पाण्याशी ताकद लावून पट्टीचा पोहणाराही थकतो. तरंगत राहावं, हात वर करून हाक द्यावी, आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकत लाटा फुटतात तिथे यावं, मग त्याच लाटा बाहेर ढकलतात. ओहोटी चालू असताना ही ओढ वाढते. त्यामुळे उतरायचंच तर भरती चढत असताना, कमरेच्या आत, आणि गावकरी जिथे उतरतात तिथे. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. दारू पिऊन कोणत्याही महिन्यात नाही.

दुसरी नेहमीची फजिती गाडीची. ओली वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी खाली नेतात आणि फोटोसाठी पाण्याजवळ उभी करतात. उभ्या चाकाभोवतून लाट परत जाताना वाळू ओढून नेते, चाक चार बोटं खचतं, आणि घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. गाडी पोटावर टेकली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि भरती चढत असेल तर हातात दोन-तीन तासच असतात. रुतलीच तर इंजिन रेटू नये. माणसं उतरवावीत, चाकांपुढची आणि मागची वाळू हाताने उपसावी, टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास उतरवावी, चाकाखाली माडाच्या झावळ्या किंवा गाडीतल्या चटया सरकवाव्यात आणि पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर काढावी. बाहेर आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावी. पण खरं सांगायचं तर गाडी पुळणीवर नेऊच नये. कारण वाळूखाली काय आहे हे वरून दिसत नाही.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री इथे अंडी घालायला येतात. कोकणातल्या कासवांच्या मोठ्या विणीच्या किनाऱ्यांत गुहागरचं नाव आहे. मादी मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल, तळाशी रुंद असा खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, वाळू लोटून छातीने ठोकते आणि परत जाते. कासवमित्र पहाटे पुळणीवर फिरून तिच्या वल्ह्यांच्या खुणा शोधतात, अंडी हलक्या हाताने काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तेवढ्याच खोलीवर पुरतात, आणि वर तारखेची पाटी लावतात. अंडी काढताना त्यांची वर-खाल बदलू देत नाहीत. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापलेली असली तर माद्या अधिक निपजतात, थंड असली तर नर.

पिल्लं सोडतात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन नसताना. तेव्हा हजर राहायला मिळालं तर दोरीच्या मागे उभं राहावं, पुढच्या ओल्या पट्ट्यात एकही पाऊल टाकू नये, बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवावा. पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं, समुद्रावरची चमक ही त्याची खूण. मागे कुणी दिवा लावला तर ते वळून सुरूच्या बनाकडे चालू लागतं. त्याला उचलून पाण्यात सोडावंसं वाटतं, पण सोडू नये. ते जे दहा-पंधरा हात रखडत जातं, त्याला स्वतःच्या पायांनीच जाऊ द्यायचं असतं. इथून गेलेली कासवं कुठवर जातात हे आता थोडं कळलं आहे. २०२३च्या फेब्रुवारीत गुहागरात दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवून त्यांना सोडलं होतं, नावं ठेवली होती बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री दक्षिणेकडे पोहत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला सापडला, तो २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं आपापल्या बाजूला राहतात, या समजाला त्या एका बिल्ल्याने धक्का दिला.

उत्तरेला, दहा-बारा किलोमीटरवर अंजनवेल आणि गोपाळगड. किल्ला वाशिष्ठीच्या मुखावर, दाभोळच्या खाडीवर नजर ठेवून आहे. मूळ आदिलशाहीतला. १६६०मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, १६९९मध्ये सिद्दी खैरतखानाने घेतला, १७४५मध्ये तुळाजी आंग्र्यांनी जिंकून त्याला गोपाळगड नाव दिलं. तटाबाहेरून फिरताना खडकात खोदलेला कोरडा खंदक दिसतो, तो चुकवू नये. आत बराच काळ खाजगी आंब्याची बाग होती, त्यामुळे अवशेष झाडीत शोधावे लागतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालून जावं. पुढे टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. दीपगृहावर चढायचं तर दुपारी चारनंतर जावं आणि वेळ आधी विचारून घ्यावी. तिथूनच वीज प्रकल्पाचा पसारा दिसतो. एन्रॉनचा म्हणून जग त्याला ओळखतं, नाव दाभोळचं, पण जागा खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. १९९२ला सामंजस्य करार, १९९९ला वीज सुरू, २००१ला बंद, २००५पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर. देवळं आणि वाड्या बघून आल्यावर अचानक समोर येणारी ती धुराडी काही जणांना खुपतात. मला वाटतं तीही बघावीत, या तालुक्यातल्या एका पिढीचं आयुष्य त्यांच्याभोवती फिरलं आहे.

खाडीच्या तोंडाशी थंडीत डॉल्फिन दिसतात. होडी ठरवायची तर सकाळी सात-आठची. रात्रभर वाऱ्याची दिशा जमिनीकडून समुद्राकडे असते, हे मतलई वारे, त्यांनी पाणी चपटं राहतं आणि पाठीवरचा पर लांबून ओळखता येतो. अकरानंतर खारे वारे सुटतात, पाण्यावर बारीक लाटा उठतात, मग प्रत्येक लाट डॉल्फिनसारखी दिसते आणि पोटातही ढवळतं. अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी हलू देऊ नये. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे दाभोळला जाता येतं. रशियन प्रवासी अफानासी निकितिन १५व्या शतकात याच बंदरातून परतीच्या वाटेला लागला होता. आज तिथे घुमटाची जुनी मशीद आहे आणि खडकात कोरलेलं चंडिकादेवीचं देऊळ, जिथे आत फक्त समईचा उजेड. आत शिरल्यावर डोळे सरावायला एक-दोन मिनिटं थांबावं लागतं, तेवढं थांबावंच.

दक्षिणेचा दिवस हेदवीभोवती आखायचा. प्रतिपदेचं उदाहरण घेऊ. भरती पाऊणच्या सुमारास. सकाळी आठला गुहागर सोडावं, असगोली, पालशेत करत वेळणेश्वरला. अंतर वीस-बावीस किलोमीटर, पण घाटी, अरुंद, वळणावळणाचा रस्ता, समोरून एसटी आली तर मागे घ्यावं लागतं. तासभर धरा. वेळणेश्वरची पुळण लहान, कोयत्यासारखी वळलेली आणि माडांनी कडेपर्यंत भरलेली. सकाळी पाणी उतरलेलं असतं, फिरून, देवळात बसून दहा-सव्वादहाला निघावं. हेदवी तिथून सहा-सात किलोमीटर. आधी टेकडीवरचा दशभुजा गणेश बघून घ्यावा, पांढऱ्या दगडाची पेशवेकालीन मूर्ती. पावणेबारापर्यंत खाली किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळापाशी यावं. देवळाजवळच खडकात बामणघळ.

समुद्राकडून आत शिरणारी ही उभी चीर तोंडाशी रुंद आणि आत निमुळती होत गेली आहे. लाट आत शिरते तेव्हा तिचं पाणी दोन्ही भिंतींत आवळलं जातं, शेवटी जायला जागा उरत नाही आणि ते सगळं वर उसळतं. लक्ष देऊन बघितलं तर क्रम कळतो. आधी घळीतलं पाणी खाली ओढलं जातं, भिंती ठिबकू लागतात, आतून घशातून यावा तसा आवाज येतो. मग बाहेरची लाट तोंडाशी येते, आत धावते, आणि क्षणभराने पांढरा खांब उभा राहतो. तो पडून विरेपर्यंत पुढची लाट आत शिरलेली असते. लाटा सारख्या मापाच्या नसतात, चार-पाच बेताच्या आणि मग एक-दोन मोठ्या. पंधरा मिनिटं थांबणाऱ्याला मोठी लाट सापडते. थंडीत समुद्रावर लाटच नसते, तेव्हा भरतीला जाऊनही घळ नुसती गुरगुरते. खरा जोर पावसाळ्याच्या आगेमागे, मेअखेरीस किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आणि इथेच सगळ्यात जास्त जपायचं. घळीत एक ब्राह्मण पडून गेला म्हणून बामणघळ, असं सांगतात. कथा काही असो, जागा खरोखर जीवघेणी आहे. खडक कुठवर भिजला आहे ते बघावं, आणि त्या ओल्या रेषेच्या दहा-पंधरा पावलं मागे, कोरड्यावर उभं राहावं. हिरवट-काळ्या शेवाळावर पाय टाकू नये, रबरी चपलेला तिथे काही पकड नसते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये. मुलांचा हात सोडू नये. माणसाला ओढून नेणारी लाट त्या चार-पाच बेताच्या लाटांनंतर येते, सगळे एक पाऊल पुढे सरकलेले असतात तेव्हा.

परत गुहागरला न जाता पुढे रत्नागिरीकडे उतरायचं असेल तर हेदवीहून रोहिले करत तवसाळला जावं. तिथून फेरीबोट शास्त्री नदीचं मुख ओलांडून जयगडला सोडते. ही बोट नसती तर रस्त्याने मोठा वळसा पडला असता. पलीकडे जयगडचा किल्ला, दीपगृह, आणि मग गणपतीपुळ्याचा रस्ता. निघण्याआधी बोटीची वेळ विचारून घ्यावी, पावसाळ्यात वारा असेल तर फेऱ्या थांबतात. दुपारी अडीच-तीनला तवसाळला पोचलात तर पाणी उतरू लागलेलं असतं. जसजसं उतरतं तसतसा धक्क्याचा उतार उघडा पडतो, ओला आणि बुळबुळीत. पुढची गाडी बोटीवर पूर्ण चढेपर्यंत आपली उतारावर आणू नये. बसलेल्या माणसांना आधी उतरवून चालत पाठवावं, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, ठेंगण्या गाडीचा बंपर फळीला घासत नाही ना हे हाताने खूण करायला एकाला पुढे उभं करावं. कधी गाडी मागे घेत चढवायला सांगतात, तेव्हा आरशापेक्षा बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे बघावं. वर गेल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवून खाली उतरा आणि कठड्याशी या. सुकतीचं पाणी मातकट रंगाने खाडीतून बाहेर समुद्राकडे धावत असतं, आणि बोट जयगडच्या धक्क्याकडे तोंड न करता, प्रवाहाच्या अंदाजाने बरीच वर, खाडीच्या आतल्या बाजूला नाक धरून निघते.